‘न’ लिहिलेली ट्यूब

सुई टोचली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. घड्याळ समोरच होतं, म्हणून वेळ पक्की सांगते. डाव्या हाताची तर्जनी. हातमोज्याला दिसेल न दिसेल असं भोक, आणि आत मोहरीएवढा लाल ठिपका. दुखलं म्हणावं तर काहीच नाही. भाकरी उलटताना वाफ लागते ती याच्यापेक्षा जास्त चुरचुरते. पण तो ठिपका पाहिला आणि मी स्टुलावर बसले नाही, आदळले.

सिरिंजमध्ये विषाणू होते, आणि मला दुसरा महिना संपत आला होता.

यातली दुसरी गोष्ट प्रयोगशाळेत कुणालाच माहीत नव्हती. माहीत होती ती तिघांना: लातूरला क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारा माझा नवरा आलोक, चाकूरची माझी आई, आणि माझ्या सासूबाई कुसुमबाई. सासूबाई तीस वर्षं शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे त्या सांगत नाहीत, नियम घालून देतात. “चोरओटी भरेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही,” त्यांनी फोनवर बजावलं होतं. तिसऱ्या महिन्यात, घरातल्या घरात, शेजारणीलाही न बोलावता भरतात ती चोरओटी. त्याआधी बोललं की दृष्ट लागते म्हणे. “झाकली मूठ सव्वा लाखाची, पुनम.” मी जीवशास्त्रात पीएचडी करायला बसलेली बाई. दृष्ट कुठल्या तरंगलांबीवर लागते असं विचारायची मला फार इच्छा झाली होती. विचारलं नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही बोलायची भीतीच वाटत होती. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे पहिलंच होतं.

सरांना सांगितलं असतं तर त्यांनी मला विषाणूच्या कामावरून त्याच दिवशी काढलं असतं. तसा नियमच आहे, आणि तो बरोबर आहे. मी म्हटलं, चार आठवड्यांचा तर प्रश्न आहे, ओटी भरली की सांगू. दुसरा नियम असा की या कामात टोकदार सुई वापरायची नाही, बोथट नळी लावायची. त्या संपल्या होत्या, नव्या यायच्या होत्या. असल्या वेळी काहीतरी करून भागवून नेण्यात सगळ्या नांदेडात माझा हात धरणारं कुणी नाही. तर भागवलं.

आमचं काम थोडक्यात सांगते, नाहीतर मी एवढी का घाबरले ते कळायचं नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची माहिती असते. डोळ्याच्या पेशीत नख करायची माहिती असते, हाडाच्या पेशीत जीभ करायची. तरी डोळ्यात नख उगवत नाही, कारण नको ती पानं पेशीने कुलूप लावून बंद ठेवलेली असतात. कुलूप म्हणजे डीएनए ज्या रिळांवर गुंडाळलेला असतो त्या रिळांवरची एक रासायनिक खूण. ही खूण करणारं एक यंत्र असतं, आणि त्याचे भाग एकमेकांत नीट बसले तरच ते चालतं. आमच्याकडे एक प्रथिन आहे. ते निसर्गात कुठेच नाही. कॉम्प्युटरवर आकार जुळवून जुळवून घडवलेलं आहे. ते त्या यंत्राच्या खाचेत आधीच जाऊन बसतं. मग खऱ्या भागाला बसायला जागा राहत नाही, खूण होत नाही, आणि बंद पानं हळूहळू उघडायला लागतात. कुठलं पान उघडलं की पेशी काय करते, हे आम्ही बघत बसतो. तुलनेसाठी त्याच प्रथिनाचं एक खोटं रूपही ठेवावं लागतं. दिसायला तसंच, पण दोन जागी बदललेलं, त्यामुळे खाचेत न बसणारं.

आणि या प्रथिनाची कृती पेशीत पोचवायला आम्ही एचआयव्हीचं टरफल वापरतो. रोग करणारं आतलं सगळं काढून टाकलेलं असतं. ते वाढत नाही, एकाचे दोन होत नाही. पण पेशीत शिरून आपली चिठ्ठी तिच्या डीएनएत कायमची चिकटवणं त्याला येतं. त्यासाठीच तर ते ठेवलेलं आहे.

पेशी काचेच्या बशीत असतात तोवर हे फार देखणं काम आहे. पण आठव्या आठवड्यात पोटात दुसरं काय चाललेलं असतं? हीच कुलपं लागत असतात. तुम्ही आता हृदय, बाकीचं विसरा. तुम्ही आता पाठीचा कणा, बाकीचं विसरा. मी दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं होतं की हे कुलूप लागू दिलं नाही तर पेशी कशा बावचळतात, कशा आपण कोण आहोत तेच विसरतात. ती सगळी चित्रं एकामागून एक माझ्या डोळ्यांसमोर आली. अक्कल सांगत होती की बोटातल्या चार-दोन पेशींत काही शिरलं असेल तर ते बोटातच राहील, पोटापर्यंत पोचायची शक्यता नसल्यात जमा. अक्कल बरोबरच सांगत होती. पण अडाणी माणूस घाबरला तर त्याला दिलासा देता येतो. मला कोण देणार? शंभरात किती, हजारात किती, असे आकडे मला पाठ होते, आणि शून्य हा आकडा त्यात नव्हता.

मी बोट नळाखाली धरलं. पंधरा मिनिटं धुवायचं असतं. भिंतीवर मीच लावलेला कागद होता: साबणाने धुवा, सरांना ताबडतोब सांगा, शक्यतो दोन तासांत औषध सुरू करा, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही. औषध म्हणजे एचआयव्हीच्या रुग्णांना देतात त्याच गोळ्या, कारण टरफल त्याचंच. त्या कागदातलं ‘ताबडतोब’ मीच ठळक केलं होतं. काचेच्या केबिनमध्ये रेणुकादास सर मान खाली घालून कुणाचा तरी प्रबंध तपासत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. सांगायचं तर दोन्ही सांगावं लागणार होतं. सुईचं, आणि सुईच्या आधी जे सांगायला हवं होतं ते. आणि मग सर मला गाडीत घालून नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेणार, जिथे माझी मावसबहीण नर्स आहे. मला एचआयव्हीच्या औषधासाठी उभी असलेली तिने पाहिलं की संध्याकाळच्या आत चाकूरला वार्ता पोचणार, आणि चाकूरहून लातूरला पोचायला तर बातमीला एसटीसुद्धा लागत नाही.

तेवढ्यात माझं लक्ष ट्यूबकडे गेलं. ‘न, ११/८’. अक्षर माझं नव्हतं, हरिओमचं होतं.

हरिओम आमच्याकडचा धाकटा संशोधक. रेणापूरचा शेतकऱ्याचा पोरगा, हाताने नीटनेटका. दोन्ही विषाणू त्यानेच आदल्या दिवशी तयार करून फ्रीजमध्ये ठेवले होते आणि शेताच्या सरकारी मोजणीसाठी तो गावी गेला होता. मी ‘न’ वाचलं आणि सवयीने ‘नवीन’ समजून ट्यूब उचलली. मी कॉम्प्युटरवर घडवलेल्या प्रथिनाला नवीन म्हणते आणि खोट्याला कंट्रोल. न आणि क. पण हरिओम आल्यापासून म्हणायचा असली आणि नकली. अ आणि न.

म्हणजे हा ‘न’ नकलीचा असू शकत होता. खाचेत न बसणारं, कशाचंच कुलूप न उघडणारं, बिनकामाचं नकली!

मी फ्रीज उघडून दुसरी ट्यूब काढली. तिच्यावर अ आहे की क, एवढं कळलं की झालं. पण तिच्यावरचं अक्षर स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं गेलं होतं, नुसती तारीख राहिली होती. वहीतही काही नाही. त्याने लिहिलं होतं, ‘न, चार मिली, चांगलं आलंय.’ चांगलं आलंय! मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. फोन लावला. बंद. पाच वेळा लावला, पाचही वेळा बंद.

आणि मग मी जे केलं ते आजही सांगताना लाज वाटते. मी सगळं जागच्या जागी ठेवलं, बोटाला पट्टी लावली, केबिनच्या दारात जाऊन म्हटलं, “सर, डोकं उठलंय. घरी जाऊ?”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “चेहरा पार उतरलाय तुझा. जा, आराम कर.”

पाऊण वाजता मी लातूरच्या एसटीत बसले होते. मनाशी हिशेब सरळ होता. रेणापूरला जायचं, हरिओमला विचारायचं. नकली निघालं तर कुणाला काही सांगायचं कारण नाही. नवीन निघालं तर बघू. बहात्तर तास आहेत.

खिडकीबाहेर काय होतं ते मला आठवत नाही. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. मी सगळा वेळ उजव्या हाताच्या मुठीत डावं बोट धरून बसले होते, जणू ते सोडलं की आतलं काहीतरी वर चढेल. शेजारच्या बाईने विचारलंही, “बोट दारात चेमटलं का वो?” मी हाव म्हटलं. एक चाळीस होत आले तेव्हा घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. दोन तास संपले. त्या क्षणी ड्रायव्हरला ओरडून गाडी थांबवावी असं वाटलं. पण थांबवून करणार काय, रानात उतरणार?

चाकूरच्या स्टँडवर गाडी पाच मिनिटं थांबली. तिथून आईचं घर चालत सात मिनिटांवर. मी उतरले नाही. आईला बघितलं असतं तर मी रडले असते, आणि रडले असते तर सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. रोज याच वेळेला येतो. “जेवलीस का? दूध घेतलंस? ओझं उचलत नाहीस ना?”

“नाही आई.”

“गाडीचा आवाज येतोय. कुठे आहेस?”

“खिडकीशी आहे. रस्त्यावरून बस चाललीय,” मी म्हटलं. खोटं बोलण्यातही मी काटकसर केली, बस खरी होती.

लातूरला उतरून मी जीप पकडली आणि रेणापूरला पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. हरिओमचं घर सापडायला वेळ लागला नाही. मोजणी कुणाची चालू आहे ते गावात सगळ्यांना माहीत असतं. दारात त्याची आई कोंडाबाई सोयाबीनच्या पाल्याने हिरवे झालेले हात धूत होती. मी कोण ते सांगितल्यावर ती एकदम बावरली. “नांदेडाहून? एवढ्या लांबून? पोरानं काई करून ठिवलं का बाई?”

“नाही मावशी. कामाचं विचारायचंय.”

“त्यो शेतात हाय, सकाळधरनं. फोन घरीच पडलाय, बॅटरी मेली म्हून चार्जिंगला लावलाय. बसा, च्या टाकते.”

मी बसले नाही. ती पुढे आणि मी मागे, बांधावरून गेलो. हरिओमने मला लांबून पाहिलं आणि हातातली मोजणीची साखळी खाली टाकून धावतच आला. “ताई? तुमी? सरांना काई झालं का?”

“सर बरे आहेत. हरिओम, अकरा तारखेची ट्यूब. ‘न’ लिहिलेली. न म्हणजे काय?”

“न म्हंजी?”

“नकली ना? तू नकलीला न लिहितोस ना?” माझा आवाज मलाच ऐकवेना. मी त्याला विचारत नव्हते, भीक मागत होते.

तो हसला. बिचाऱ्याला काय माहीत! “न्हाई वो ताई. आधी लिहित होतो. आता न म्हंजी नवीन. तुमीच तर म्हनला होता.”

“मी? कधी?”

“गेल्या महिन्यात. लई चिडला होता की तुमी. सगळ्यांपुढं म्हनलाव, असली-नकली काय, हे सराफाचं दुकान हाय का? माझ्या बाकावर माझ्याच पद्धतीनं लिहायचं. तवापासनं मी तुमच्यावानीच लिहितो. न आन् क.”

मला आठवलं. रागात बोललेलं मी विसरते. ज्याला बोलले तो विसरत नाही. सराफाचं दुकान म्हटल्यावर सगळे हसले होते, आणि मला माझ्या त्या वाक्याचं कौतुकही वाटलं होतं. दीडशे किलोमीटर येऊन मी जे विचारत होते त्याचं उत्तर माझंच होतं.

मी बांधावर खाली बसले. कोंडाबाईने माझा दंड धरला. “काय झालं वो?”

“सुई लागलीय मला,” मी म्हटलं. “सकाळी. त्या ट्यूबची.”

हरिओमच्या तोंडावरचं हसू गेलं. “कवा? किती वाजता?”

“अकरा चाळीसला.”

“गोळ्या घेतल्या ना?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“घेतल्या न्हाईत?” तो ओरडलाच. जो पोरगा माझ्याशी कधी मान वर करून बोलत नाही तो माझ्यावर ओरडला. “आवं ताई, न म्हंजी काई का असंना! टरफल तर दोन्हीचं एकच हाय की! नकली असलं तरी चिठ्ठी चिकटनारच, गोळ्या घ्याव्याच लागतात. तुमीच शिकवलंय ना मला हे!”

मीच शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी, फळ्यावर चित्र काढून. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार. न कशाचा आहे यावर काहीसुद्धा अवलंबून नव्हतं. मी ते सकाळी नळाखाली बोट धरलं होतं तेव्हाही जाणत होते, लोह्यात जाणत होते, अहमदपुरात जाणत होते. मला उत्तर नको होतं. मला न बोलता राहायचं होतं, आणि तेवढ्यासाठी जवळजवळ सहा तास मी त्या विषाणूला आत काम करू दिलं होतं.

“हरिओम,” मी म्हटलं, “मी गरोदर आहे.”

त्याने आईकडे पाहिलं. कोंडाबाईने दंड सोडला नाही, उलट जास्त घट्ट धरला आणि पोराला म्हणाली, “बघून काय राहिला? त्या सिद्धेश्वराची गाडी आन. मोटारसायकल न्हाई, चारचाकी आन!”

सिद्धेश्वर हा त्यांचा शेजारी. त्याच्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर मी आणि कोंडाबाई, पुढे हरिओम. तो वळून वळून म्हणत होता, “ताई, सरांना मी लावू का फोन? निदान दवाखान्यातल्यांना तरी सांगतेत काय करायचं ते.” मी म्हटलं, मी लावेन. पण हात उचलत नव्हता. मी फोन लावला तो आलोकला. त्याचे क्लास आठपर्यंत चालतात, वर्गात फोन बंद. मग दुसरा नंबर लावायचा राहिला, सासूबाईंचा. तो लावताना मला सकाळच्या सुईपेक्षा जास्त भीती वाटली, हे लिहून ठेवते.

मी काय बोलले ते आठवत नाही. मग त्या एवढंच म्हणाल्या, “कुठल्या दवाखान्यात? आले.”

लातूरच्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्याहून लहान मुलगी होती. मला वाटत होतं, आता ती मोठ्याने विचारणार, सगळा कॉरिडॉर ऐकणार. तिने दार लावून घेतलं आणि माझ्याहून हळू आवाजात विचारलं. कशाची सुई, किती खोल, आत काय होतं. मी सगळं सांगितलं. प्रथिनाचं सांगितलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

“हे मी आजच ऐकते आहे,” ती म्हणाली. “याचं मी तुम्हाला खोटं काही सांगणार नाही. टरफल एचआयव्हीचं आहे, त्याला अडवणाऱ्या गोळ्या माझ्याकडे आहेत. गरोदरपणात चालतात. अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. पण लवकर दिल्या असत्या तर...” तिने वाक्य पुरं केलं नाही. “इतका उशीर कशाने झाला?”

मी बोटाची पट्टी सोलत राहिले.

“बरं, राहू द्या,” ती म्हणाली. “आत्ता पहिली घ्या. अर्धा तास बाहेर बसा. उलटी झाली तर परत द्यावी लागेल.”

गोळी मोठी होती. ती गिळून बाहेर बाकावर आले तर सासूबाई समोरून येत होत्या. कधी इस्त्री मोडलेली साडी नेसत नाहीत त्या, आज घरातल्या साडीवर आल्या होत्या, पायात आलोकच्या चपला. मी उठून उभी राहिले. आता मला बोलणी बसणार याची मला खात्री होती, आणि खरं सांगते, बसली असती तर बरं वाटलं असतं.

त्या माझ्याजवळ बसल्या. “मी सांगू नको म्हटलं ते गल्लीला,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरला सांगू नको असं कधी म्हटलं मी? बोल ना, कधी म्हटलं?”

“नाही म्हटलं, आई.”

“शिकलेली म्हणून तुला फोड करून सांगितलं नाही गं.” मग त्या जमिनीकडे बघत राहिल्या. “आलोकच्या आधी माझं एक गेलंय. अडीच महिन्यांचं. तीन दिवस पोटात दुखत होतं, मी शाळेत जात होते. अंगावर काढलं. ओटी भरायची होती अजून, सांगायचं कसं? गेलं तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं, मग रडायचं तरी कुणापुढे. आलोकच्या वडिलांना सोडून हे कुणाला माहीत नाही.” त्यांनी डोळे पुसले नाहीत. “आणि बघ, तोच नियम मी तुला लावला.”

गोळी वर येऊ पाहत होती की भीती, कळत नव्हतं. अर्ध्या तासातली बारा मिनिटं झाली होती. समोर कोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती, हिरवे हात मांडीवर ठेवून. हरिओम दाराशी येरझाऱ्या घालत होता. हे बाळ राहील का, राहिलं तर धड राहील का, हे त्या कॉरिडॉरमध्ये कुणीच सांगू शकत नव्हतं. सोनोग्राफी होईल, पुन्हा होईल, तरी सगळं काही त्यात दिसत नाही. मला दोन्ही हातांनी पोट धरून ओरडावंसं वाटत होतं. ते सात तास परत दे म्हणून मी कुणाला विचारणार होते?

“तुमच्या सरांना सांगितलंस?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही.”

“लाव.”

मी फोन लावला. दुसऱ्याच रिंगला सरांनी उचलला. “काय गं, डोकं थांबलं का?”

“सर,” मी म्हटलं. कॉरिडॉरमध्ये माणसं होती. त्यातल्या दोन बायकांनी वळून बघितलं. “सर, मी लातूरला दवाखान्यात आहे. सकाळी मला सुई टोचली. नवीनची. आणि मी गरोदर आहे, दुसरा महिना संपत आलाय. मी सांगितलं नव्हतं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “किती वाजता टोचली?”

“अकरा चाळीसला.”

“औषध?”

“आत्ता घेतलं. पावणेसातला.”

रागावले असते तर सोपं गेलं असतं, पण त्यांचा आवाज आला तो अगदीच वेगळा, घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाचा.

“पुनम, अगं मी समोर होतो. अकरा चाळीसला मी तिथेच होतो. काचेच्या पलीकडे.”

“हो सर,” मी म्हटलं. “दिसत होतात.”